आपत्तीत भरवसा कोणावर, सरकारवर की संस्थांवर? माझी प्रश्नावली गंडलीये

अर्धवट_प्रश्न:

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

एका अभ्यासासाठी पूर येऊन गेलेल्या वस्त्यांमध्ये लोकांची मतं गोळा करतोय. संकटात सरकारकडून काय अपेक्षा, स्वयंसेवी संस्थांकडून काय, कोणावर किती विश्वास. १ ते ५ गुण द्यायचे. कागदावर फार देखणी दिसत होती प्रश्नावली. ४० घरं झाली आणि आता फाडून टाकावीशी वाटतेय.

तिसऱ्याच घरी एका मावशींनी सरकारला १ दिला, संस्थांना ५. "ऑफिसातलं कोणी फिरकलं नाही, ही पोरं मात्र गळ्याएवढ्या पाण्यातून आली." ठीक. पुढचे प्रश्न विचारले. वेळेवर इशारा देणं कोणाचं काम? सरकारचं. लोकांना हलवणं? सरकारचं. नुकसानभरपाई, तटबंध, पडलेली घरं? सरकार, सरकार, सरकार. न राहवून म्हटलं, मावशी, मग गुण एकच का? तर म्हणाल्या, "ज्याचं काम त्यालाच नापास करणार ना? पाहुण्याला कोण नापास करतं?"

दोन घरं सोडून एक आजोबा. त्यांचं उलटं. सरकारला ४, संस्थांना २. "संस्थावाल्यांनी पाकीट हातात दिलं पण सोडलंच नाही. फोटो निघेपर्यंत दोघांनी धरून उभं राहायचं. सरकारी माणूस सही घेऊन निघून तरी गेला." आणि एका ताईंनी तर पेनच खाली ठेवलं. त्यांच्या सासूबाईंना शेजारच्या मुलानं दाराच्या फळीवर घालून बाहेर काढलं होतं. "त्याला ५ द्यायचेत. तो कुठाय तुमच्या कागदावर?" नव्हता तो.

दुसरं कोडं आकड्यांचं. एडेलमन ट्रस्ट बॅरोमीटर नावाचं एक जागतिक सर्वेक्षण सरकार, उद्योग, माध्यमं आणि स्वयंसेवी संस्था या चौघांवरचा विश्वास मोजतं. मे २०२० मध्ये, कोरोनाची साथ जोरात असताना, ११ देशांत सरकारवरचा विश्वास ६५ टक्क्यांवर होता, चौघांत पहिला नंबर. जानेवारी २०२१ मध्ये त्याच देशांत तो ५७ वर आला. आठ महिन्यांत लोकांना असं काय नवीन कळलं?

मग आपण मोजतो तरी काय? विश्वास, अपेक्षा, राग की नुसती भीती? अशा कामात ज्यांनी प्रत्यक्ष हात घातलाय त्यांनी लिहावं. पुस्तकी उत्तरं माझ्याकडे भरपूर आहेत.

तिरकस_रेघ:

मावशींना तुमच्या मार्गदर्शकांच्या खुर्चीत बसवा, अभ्यास लवकर संपेल.

माझं म्हणणं सरळ आहे. कर सरकार घेतं, कायदा सरकारचा, यंत्रं सरकारची. संस्था धावून येते म्हणजे सरकार नापास झालं, एवढाच त्याचा अर्थ. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ ला भूकंप झाला, तेव्हा तिथल्या सरकारनं सुरुवातीला परदेशी मदतसुद्धा नको म्हटलं. ढिगारे कोणी उपसले? साध्या लोकांनी, हातांनी आणि बादल्यांनी. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचं सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं, तेही मुख्यतः बांधलेले तटबंध फुटल्यामुळे, आणि छतावरच्या माणसांना उतरवायला शेजारपाजारचे लोक आपापल्या मासेमारीच्या होड्या घेऊन गेले. नंतर 'लोकांची जिद्द' म्हणून आरत्या ओवाळल्या गेल्या. त्या जिद्दीच्या कौतुकाचीच मला चीड आहे. ती दाखवायची वेळ कोणी आणली?

जुनी_नोंदवही:

रेघभाऊ, चीड मान्य, पण मेक्सिकोची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. नंतर येते तिकडे.

मी २२ वर्षं एका नियंत्रण कक्षात फोन घेतले. सरकारी नोकरी. म्हणजे अर्धवट, तुमच्या मावशींनी ज्यांना १ दिला त्यांतलीच मी एक.

आमच्या नोंदवहीत सहा रकाने असायचे. वेळ, नाव, ठिकाण, काय हवंय, कोणाला कळवलं, आणि शेवटचा 'पुढे काय झालं'. पहिले पाच काठोकाठ भरलेले. सहावा बहुतेक कोरा. होडीवाल्याला कळवलं की पुढचा फोन वाजलेला असायचा. होडी पोचली का, माणूस सापडला का, हे आम्हाला कधीकधी आठवड्यानं कळायचं, कधी कळायचंच नाही. लोक म्हणायचे, यांना काही पडलेली नाही. पडलेली असायची हो, दिसत काही नव्हतं. फोन करणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

एका पुरात तिसऱ्या रात्री कॉलेजच्या वयाची चार मुलं आत आली. अंगावरून पाणी गळतंय, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. "मॅडम, तुमची यादी बघू द्या." साहेब भडकले. यादी बाहेरच्यांना दाखवायची नाही. साहेब जेवायला गेल्यावर (आता लिहायला हरकत नाही, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली) मी दोन्ही वह्या शेजारीशेजारी उघडल्या. आमच्याकडे अडकलेली ३१ घरं, त्यांच्याकडे ४७. दोन्हीकडे सारखी फक्त १९. एका गल्लीत आमची माणसं जाऊन आली होती आणि त्यांचीही. दोनदा पाणी, दोनदा जेवणाची पाकिटं. मागच्या गल्लीत कोणीच नाही. तिथून आम्हाला फोन आला नव्हता आणि या मुलांच्या ओळखीचं तिथं कोणी राहत नव्हतं. आमची यादी फोन असलेल्यांची, त्यांची यादी ओळख असलेल्यांची.

पहाटेपर्यंत बसून ५९ घरांची एकच यादी केली. सकाळी विजेचे मीटर वाचणारा एक जण भलत्याच कामासाठी आला होता. त्यानं टेबलावरची यादी सहज वाचली आणि म्हणाला, "गोदामामागचं घर नाही यात. एकट्या बाई असतात. ऐकू येत नाही त्यांना." साठावं घर. दोन दिवस माळ्यावर बसून होत्या त्या. होडीच्या भोंग्यानं काय होणार, त्यांना ऐकूच जात नव्हता.

आता त्या बाईंना तुम्ही १ ते ५ विचारलंत तर त्या कोणाला किती देतील? मीटरवाला सरकार होता की संस्था?

फळीवाल्या मुलाचंही तेच आहे. जपानमध्ये कोबेला १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ वाजता भूकंप झाला, ६,४०० हून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. जगात कुठेही पहिल्या काही तासांत असंच होतं, कारण तिथं हजर तेच असतात. पुढे वर्षभरात १० लाखांहून जास्त स्वयंसेवक तिथं येऊन गेले, इतके की जपानी लोक १९९५ ला स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात. त्याआधी तिथं छोट्या संस्थेला कायदेशीर मान्यता मिळवायची तर सरकारी खात्याच्या मर्जीवर राहावं लागे. १९९८ मध्ये कायदा करून ती वाट सोपी केली. भूकंपानं असे कायदेही बदलतात.

पण मला सगळ्यांत आवडते ती कोबेतल्या मानो नावाच्या वस्तीची गोष्ट. आग पसरत होती, तिथल्या रहिवाशांनी बादल्यांची रांग लावली, जवळच्या कारखान्याचं अग्निशमन पथकही आलं, आणि आग आटोक्यात आली. दुसरीकडे घरांच्या ओळीच्या ओळी जळाल्या. मानोत एवढी एकी कुठून आली? १९६० च्या दशकापासून ही वस्ती कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध झगडत होती, पालिकेशी वस्तीच्या आराखड्यावरून वर्षानुवर्षं हुज्जत घालत होती. बैठका, अर्ज, निवेदनं. म्हणजे कोणाच्या घरात कोण राहतं, कोण बोलतो आणि कोण खरंच कामाला येतो, हे सगळ्यांना पाठ. मी खुर्चीच्या या बाजूला असताना अशा वस्त्यांच्या अर्जांना फार वैतागायचे. आता वाटतं, ज्या भागातून आम्हाला सतत शिव्या यायच्या त्याच भागाची यादी बिनचूक असायची. तुमच्या कागदावर त्यांनी सरकारला १ दिला असता.

हात दुखले. बाकीचं उद्या.

ओली_वाळू:

नोंदवहीताई, सहावा रकाना वाचून पोटात गोळा आला. आमच्या वहीत तर तो रकानाच नव्हता.

मी संस्थेच्या बाजूचा. नऊ वर्षं मदतछावण्यांवर पाण्याचं काम केलं. आमच्याकडे मोजमापं पक्की असतात: स्फिअर नावाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २० माणसांमागे एक संडास. मी खरोखर टाक्यांवर उभा राहून लिटर मोजलेत. एका छावणीत आमचं पाणी इतकं नियमित होतं की लोक म्हणाले, सरकार नको, तुम्हीच राहा. छाती फुगली. सहा महिन्यांनी निधी संपला. टँकर थांबले. पालिकेनं तिथं नळ टाकलाच नव्हता, कारण त्यांच्या कागदावर त्या वस्तीची गरज 'भागलेली' होती. आम्हीच भागवली होती ना. परत गेलो तेव्हा एका बाईनं फक्त बघितलं माझ्याकडे. पाहुण्याला नापास करत नाहीत हे खरं, पण तेव्हा केलं असतं तर बरं झालं असतं.

हेच देशाच्या पातळीवर झालं तर काय होतं ते हैतीत दिसलं. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अब्जावधी डॉलरची तातडीची मदत आली, त्यातला जेमतेम १ टक्का हैतीच्या सरकारच्या हातून खर्च झाला. सरकारवर देणगीदारांचा विश्वास नव्हता, आणि कारणंही होती. पण समन्वयाच्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आणि इंग्रजीत होत. देश क्रिओल आणि फ्रेंच बोलणारा. तिथल्या छोट्या स्थानिक संस्थांना धड आत शिरता येईना आणि शिरलं तरी समजेना. म्हणजे 'नागरी समाज' हा शब्दही जपूनच वापरा. परदेशी मोठी संस्था आणि गल्लीतलं मंडळ एकाच रकान्यात बसत नाही.

उलट उदाहरण तामिळनाडूतल्या नागपट्टिनमचं. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथं शेकडो संस्था येऊन धडकल्या. काही दिवसांतच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारातच संस्थांचं समन्वय केंद्र उभं राहिलं: कुठल्या गावात कोण, काय कमी, काय जास्त, कोणाला कुठं पाठवायचं. ताईंच्या त्या दोन वह्या, पण साहेबांच्या डोळ्यांदेखत उघडलेल्या.

तिरकस_रेघ:

वाळूभाऊ, म्हणजे संस्थांनी सरकारला सुट्टी दिली. माझाच मुद्दा.

ओली_वाळू:

हो. फक्त एक सांगा, त्या सहा महिन्यांत पाणी न देता तुमचा मुद्दा सिद्ध करायचा होता का?

तिरकस_रेघ:

नाही. मान्य.

जुनी_नोंदवही:

आज दोघांचं जमलेलं दिसतंय, पटकन लिहून घेते.

आधी मेक्सिको. ढिगारे उपसून झाल्यावर ती माणसं घरी गेली नाहीत, कारण घरच नव्हतं. बेघर झालेल्यांच्या वस्तीवस्तीतल्या संघटना एकत्र आल्या, मोर्चे निघाले आणि सरकारला पडकी घरं-जमिनी ताब्यात घेऊन जुन्या रहिवाशांसाठी तिथेच घरं बांधावी लागली. चाळीस हजारांहून जास्त. रेघभाऊ, संस्थांनी सुट्टी दिली असं तुम्ही म्हणता, इथं संघटनेनंच सरकारला कामाला लावलं. सरकारवर त्यांचा विश्वास होता का? काडीचा नव्हता. मागणी मात्र सरकारकडेच. अगदी मावशींसारखी.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळ आलं, किमान ३ लाख माणसं गेली. मदतीतली ढिलाई लोकांच्या डोळ्यांवर आली. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली आणि तिथल्या १६२ पैकी १६० जागा अवामी लीगला मिळाल्या. कारणं बरीच होती, पण त्या वादळाचा राग त्यात होताच. बांगलादेश हा नवा देश झाल्यावर तिथं चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला, सरकार आणि रेड क्रिसेंट (रेड क्रॉसचीच तिथली संस्था) यांचा जोडीनं. त्यात आज ७५ हजारांच्या वर स्वयंसेवक आहेत, जवळपास निम्म्या स्त्रिया. धोका वाढेल तसे झेंडे वाढवायचे, भोंगा घेऊन गावात फिरायचं, म्हाताऱ्यांना हाताला धरून निवाऱ्यात न्यायचं. १९९१ च्या वादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली, २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास. वादळ वादळासारखं नसतं, पक्के निवारेही मध्ये वाढले होते, त्यामुळे सगळं श्रेय भोंग्याला देऊ नका. पण रेडिओवर सरकार सांगतं तेव्हा न हलणारा माणूस, शेजारची मुलगी दारात येऊन "काका, चला" म्हणाली की हलतो. तिच्या पाठीशी हवामान खात्याचा इशारा नसेल तर ती येणार कुठल्या भरवशावर? विश्वास असा एकातून दुसऱ्यात पाझरतो. तुमच्या रकान्यांमध्ये जी रेघ आहे ना अर्धवट, ती प्रत्यक्षात तिथं नसते.

आता तुमच्या ६५ आणि ५७ बद्दल. संकट आलं की माणूस जो कोणी सुकाणूवर आहे त्याच्याकडे बघतो, दुसरं करणार काय. तो विश्वास उसना असतो. मग हिशेब सुरू होतो. त्या हिशेबातही एक खोट आहे, आणि ती आम्ही कर्मचाऱ्यांनी जन्मभर सोसली. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोघांनी अमेरिकेतल्या निवडणुकांचे आकडे तपासून २००९ मध्ये मांडलं की मदतवाटपावर खर्च केला की मतदार बक्षीस देतात, पूर्वतयारीवर खर्च केला तर देत नाहीत. त्यांच्याच हिशेबात तयारीवरचा १ डॉलर पुढचं सुमारे १५ डॉलरचं नुकसान वाचवतो. आमच्यातला एक जण दरवर्षी पुराआधी नाले आणि झडपा तपासत फिरायचा. त्याचं नाव कधी कुठे छापून आलं नाही. पाकिटं वाटणाऱ्यांचं आलं.

आणि तयारी यशस्वी झाली की वर बोलणी खायची. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे १० लाख लोकांना आधीच हलवलं होतं आणि बळींचा आकडा दोन अंकी राहिला. हे गाजलं, कारण वादळ खरंच आलं. आमच्याकडे एकदा पाणी येणार म्हणून लोकांना रात्री हलवलं आणि पाणी काठाशी येऊन ओसरलं. दुसऱ्या दिवशी फोनवर जे ऐकलं ते इथं लिहिता येणार नाही. पुढच्या वेळी त्यातले निम्मे हलले नाहीत. हे विचारता का तुम्ही, 'मागच्या वेळी उगाच हलवलं असं वाटतं का'? विचारा. १ ते ५ पेक्षा जास्त कळेल.

अर्धवट_प्रश्न:

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गायब होतो, कारण प्रश्नावली खरंच बदलली.

गुण काढले नाहीत, मार्गदर्शक ऐकेनात. पण त्याआधी आता सरळ गोष्ट विचारतो. सगळ्यांत आधी कोणाला हाक मारली? कोण आलं? त्याला तुमचं घर कसं माहीत होतं? पुन्हा कधी आलं? मागच्या वेळी उगाच हलवलं असं वाटतं का? आणि कोणाकडून काय यायचं राहिलंय? रकाने नाहीत, मोकळी जागा. 'शेजारी' आता आपोआप येतो, न विचारता. १२ घरांत ७ वेळा. एकदा 'कुत्रा' सुद्धा आला, तो कुठे मोजायचा ते बघतोय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सरकारशीच येऊन थांबतं, आणि ज्यांनी सरकारला सर्वांत कमी गुण दिले त्यांचीच या बाबतीत यादी सर्वांत लांब. तारखांसकट.

मावशींकडेही परत गेलो. नवी प्रश्नावली ऐकून घेतली, उत्तरं दिली, सरकारला पुन्हा १. मग त्यांनीच विचारलं, "मागच्या खेपेला दिलेले मार्क कोणाला दाखवलेस?"

नोंदवहीताई, माझाही सहावा रकाना कोराच निघाला. त्यांना म्हटलं, पुढच्या महिन्यात निष्कर्ष घेऊन येतो. त्यांनी तारीख भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलीये, पाण्याच्या खुणेच्या जरा वर.

नव्या प्रश्नावलीचा नमुना कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.